भूर्जाला बांधलेला दोरा

अ‍ॅबर्डीन
८ फेब्रुवारी २००९

ती. आई,

नमस्कार. सासूबाईंना पत्र लिहायचा मायना शाळेत शिकवला होता, पण त्यात तुमच्यामाझ्यासारख्यांसाठी काही नव्हतं. तुम्ही मास्तरीण. शुद्धलेखन तपासा, बाकी सोडून द्या.

अन्वी झाल्याचं मंजिरीताईंच्या टेक्स्टवरून कळलं. चांगली गुटगुटीत आहे म्हणे. लेकीच्या बाळंतपणासाठी तुम्ही साताऱ्याहून हॅरोला येऊन राहिलात, हेही त्याच टेक्स्टमध्ये, शेवटी, घाईघाईत. मी राहते त्याच देशात उतरलात आणि मला एक फोन नाही. असू दे. मला राग आलेला नाही. मला हल्ली काहीच येत नाही. राग नाही, रडू नाही, भूकसुद्धा घड्याळाकडे बघून लागते. नकुल गेला तेव्हा सगळे म्हणाले, पहिलं वर्ष कठीण असतं. पहिलं वर्ष झालं. कठीण वगैरे काही नव्हतं, नुसतं झालं.

तुम्ही मला भोंगा म्हणायचात. नकुलला सांगायचात, "तुझ्या बायकोला आवाज कमी करायचं बटन नाही रे." आता ऐकलंत तर विचाराल, ही कोण बाई.

इथे बर्फ आहे. तुमच्याकडे लंडनमध्येही बसेस बंद होत्या असं न्यूजमध्ये दाखवलं. आमची बाग कौन्सिलची, त्यामुळे बर्फ असो नसो, गेट उघडायचंच. पण येतंय कोण? एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन येतात, मोठ्या देवदारापर्यंत जातात आणि परत जातात. मी ग्लव्ह्ज घालायला विसरते. परवा ऑफिसमधल्या बाईने माझे हात बघितले आणि ओरडलीच. जांभळे पडले होते. मला कळलंच नव्हतं.

तुम्हाला वाटायचं, हिवाळ्यात बागेत काम ते काय, झाडांवर पानं तरी कुठे असतात. पण खरं काम तेव्हाच. कोवळ्या झाडांची साल ससे कुरतडतात, म्हणून बुडाशी प्लास्टिकची नळी चढवलेली असते. हिवाळ्यात ती एकेक काढून आत साल कशी आहे ते बघायचं. गेल्या हिवाळ्यात माझ्याकडून ते राहूनच गेलं होतं. गेल्या आठवड्यात मी वरच्या उतारावर तेच करत होते. तिथे एक भूर्ज आहे. आपल्याकडे पूर्वी ज्याच्या सालीवर पोथ्या लिहायचे, तो. उत्तराखंडातून आलेल्या बियांचं रोप मी स्वतः केलं होतं, इथे नोकरी लागली त्या पहिल्या वर्षी. बाकीची रोपं मेली, हे एकच राहिलं. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात तुम्ही आमच्याकडे आला होतात तेव्हा ते तुमच्या खांद्याला लागत होतं. आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय.

नळी काढली तर आत, जमिनीपासून वीतभर वर, दोरा. पांढरा, बारीक, शिवणाचा. सात वेढे असावेत, नीट दिसत नाहीत, कारण दोन्ही बाजूंनी साल फुगून त्यावर आलीय. मुळाशी एक सुपारी आणि एक हिरवी बांगडी. बांगडी माझी आहे, आई. लग्नातल्या चुड्यातली.

हे तुमचंच ना? मला बाकी काही विचारायचं नाही. नळी परत चढवून ठेवलीय, कुणाजवळ बोलले नाही. एक ओळ लिहा. लिहायचं नसेल तर मंजिरीताईंना टेक्स्ट करायला सांगा.

आसावरी


१ मार्च २००९

ती. आई,

एक ओळही आली नाही. पालथ्या घड्यावर पाणी आहे हे माहीत असून मी ओततेय.

मी माल्कमला सांगितलं. माल्कम म्हणजे माझा बॉस. तुम्ही त्याला भेटला आहात. त्याने तुम्हाला खुर्ची आणून दिली होती आणि तुम्ही त्याच्या खिशात शंकरपाळे भरले होते. तो गुडघ्यांवर बसला, सालीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?" म्हटलं, माझ्या सासूबाईंनी. "का?" आता वटपौर्णिमा इंग्लिशमध्ये सांगायची! म्हटलं, आमच्यात बायका नवऱ्याच्या आयुष्यासाठी झाडाला दोरा बांधतात. नकुल त्याला माहीत होता. ख्रिसमसच्या पार्टीत दोघांनी मिळून खुर्च्या उचलल्या होत्या. माल्कमने नळी परत चढवली. मग म्हणाला, "चल, चहा करू." इथे सगळ्यावर औषध चहा.

तुम्हाला रागावायला म्हणून हे लिहीत नाही. नुसतं समजावून सांगते. झाड पानांत जे अन्न करतं ते सालीच्या आतल्या बाजूने खाली मुळांना जातं. सुती दोरा असता तर कुजून कधीच गळून पडला असता, साताऱ्याच्या वडाचे पडतात तसा. पण नकुलच्या पँटा खालून दुमडून द्यायला तुम्ही इथल्या मार्केटमधून जे रीळ आणलं होतंत ते पॉलिएस्टरचं. ते कुजत नाही. आणि वडाचा बुंधा कुठे, ही अंगठ्याएवढी काडी कुठे! झाड जाड होतंय आणि दोरा आहे तेवढाच आहे. फूट यायच्या आत कापला नाही, तर वरचं झाड वाळेल, नाहीतर वाऱ्यात तिथे मोडेल.

तो दिवस मला आठवतो. सकाळी तुम्ही विचारलंत, "इथे वड कुठे गं?" मी म्हटलं, वड या थंडीत जगत नाही, आमच्या ग्लासहाउसमध्येसुद्धा नाही. तुम्ही म्हणालात, "मग पाटावर काढ आणि पूज. निदान उपास तरी धर." मी म्हटलं, आई, मी झाडांची नोकरी करते, उपाशी राहून त्यांना दोरे नाही हो बांधणार. नकुल हसला. तुम्ही नाही हसलात. दुपारी माझ्याबरोबर बागेत आलात. "तू जा कामाला, मी बसते बाकावर." मी परत आले तर तुमच्या साडीचा काठ चिखलाने भरलेला. पडलात का, तर म्हणे, "नाही गं, फुलं बघत होते."

एकेका झाडाची पाटी वाचत वर गेला असणार. त्या उतारावर एकाच पाटीवर 'इंडिया' लिहिलंय. आपल्याकडचंच आहे, चालतंय, असं म्हणून नळी काढली असेल आणि दोरा बांधून परत चढवली असेल. मला तुमचा आवाज ऐकू येतो.

ते जूनमध्ये. जानेवारीत नकुल गेला. त्याला घेऊन मी साताऱ्याला आले, तांब्याच्या कलशात. आणि तेराव्याला, पंगत उठता उठता, सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "एक दोरा बांध म्हटलं होतं हिला. एक दोरा." त्यानंतर आजपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी फोन केला की तुम्ही आंघोळीला गेलेल्या असता. इतकी आंघोळ कुणी करत नाही, आई.

त्यावर मी काही म्हणत नाही. मला एवढंच विचारायचंय, दोरा कापू का? माल्कमने ते माझ्यावर सोपवलंय. आणि तुम्हाला विचारल्याशिवाय माझा हात होत नाही.

आसावरी


२२ मार्च २००९

ती. आई,

मंजिरीताईंचा फोन आला. मागे अन्वी रडत होती, छान खणखणीत रडते. मंजिरीताई म्हणाल्या, "हे बघ आसावरी, आई म्हणतेय, हात लावायचा नाही." मी म्हटलं, त्यांना फोन द्या. तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला. "सांग तिला, माझ्या नकुलच्या नावाचा दोरा आहे तो. त्याला कात्री लावलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

वर्षानंतर तुमचा आवाज ऐकला. तोही मला उद्देशून नाही, मंजिरीताईंना.

मग त्या हळूच म्हणाल्या, "मी काय म्हणते, एका झाडाचं एवढं काय? तुमच्याकडे शेकड्याने असतील. दे ना सोडून. आईचं मन राहील." वाईट काही बोलल्या नाहीत. मलाही वाटलं, खरंच, काय एवढं? दोन दिवस मी तसंच धरून चालले. दे सोडून, दे सोडून. कामावर जायचं, सँडविच खायचं, बसने घरी यायचं, हीटिंग लावायचं आणि टीव्हीसमोर कोट न काढता बसायचं. हे मला छान जमतं.

पण तुम्हाला हे माहीत नाही, की ते रोप पहिलं वर्षभर आमच्या किचनच्या खिडकीत होतं. बागेतल्या नर्सरीत बाकीची मेली म्हणून माल्कमला विचारून मी ते घरी आणलं. मी सकाळी लवकर निघायचे, पाणी नकुल घालायचा. त्याला तो 'पंडित' म्हणायचा, मोठा झाला की पोथ्या लिहिणार म्हणून. "पंडितांनी आज दुसरं पान काढलं," असा मला कामावर टेक्स्ट यायचा. लावायची वेळ आली तेव्हा मी गाडी चालवली आणि तो कुंडी मांडीवर घेऊन बसला, सीटबेल्ट दोघांवरून. नव्या जीन्सवर माती सांडली म्हणून वाटभर कुरकुर. खड्डा त्यानेच खणला. शहरातल्या मुलाने खणावा तसाच, वाकडातिकडा, पण खणला.

तुमच्याकडे नकुलचा दोरा आहे तसं माझ्याकडे नकुलचं झाड आहे. आणि दोन्ही एकाच जागी आहेत, त्याला मी काय करू?

काल गेले होते सुरी घेऊन. बसले, नळी काढली, सुरी उघडली. आणि कानात तुमचं ते मेलेलं तोंड. मी दापोलीची बी.एस्सी. अ‍ॅग्री, वटपौर्णिमेला हसणारी. सुरी मिटून खिशात घातली आणि परत आले. हसा तुम्ही. मी चौथीत असताना माझी आई गेली. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी तुम्ही माझ्या बाबांना म्हणालात, "आता मी आहे हिला." मी ते खरं मानलं होतं. नवरा गेला ते गेला. तुम्हीही गेलात तर मग मी आई कुणाला म्हणू?

माल्कम म्हणतो, एप्रिलच्या मध्यापर्यंत थांबतो. नाहीतर तो ते उपटून दुसरं काहीतरी लावणार. मरायला टाकलेलं झाड तो लोकांना दाखवत नाही. त्याचंही बरोबर आहे.

अहो, तुम्हीच 'काप' म्हणा ना. मंजिरीताईंमार्फत म्हणा हवं तर.

आसावरी


१९ एप्रिल २००९

आई,

मी दोरा कापला.

हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल.

तुमच्याकडून काही आलं नाही. वरच्या उतारावर बर्फ वितळला, कळ्यांची टोकं हिरवी झाली. इथला वसंत उशिरा येतो, पण आला की थांबत नाही. काल सकाळी माल्कम कुदळ घेऊन तिकडे निघाला. मी मागे धावले. धावले म्हणजे खरंच धावले, घसरले, गुडघा फुटला. "दहा मिनिटं दे," म्हटलं. तो वळला आणि खाली जाऊन उभा राहिला.

कात्री नाही लावली, एवढं तुमचं ऐकलं. सुरीने केलं. एका जागी कापून ओढायचं नसतं, साल सोलून निघते. थोड्या थोड्या अंतरावर उभ्या बारीक चिरा द्यायच्या आणि जेवढा सुटेल तेवढाच घ्यायचा. जिथे साल वरून येऊन मिटलीय तिथला दोरा आतच राहू द्यायचा. थोडासा सुटला, आतल्या बाजूला हळदीचा रंग अजून होता त्याला. तो माझ्या कपाटात आहे. बाकीचा झाडात आहे. तो आता निघत नाही. मलाही काढता येणार नाही आणि तुम्हालाही नाही.

गाठ बघितली. तुमची ती दुहेरी गाठ, नकुलच्या डब्याच्या फडक्याला मारायचात ती. जरासुद्धा सैल झाली नव्हती.

आणि ती गाठ बघताना माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस मी काय करत होते कोण जाणे. आई, दोरा बांधलेला होता! तुम्ही स्वतःसाठी बांधलात म्हणावं, तर नकुलच्या बाबांना जाऊन किती वर्षं झाली. तुम्ही माझ्या नावाने बांधलात, माझी बांगडी ठेवून, सुपारी ठेवून, सगळं यथासांग. नकुल त्या सकाळी गाडी काढून निघाला तेव्हा तो दोरा होता. गाडी वळणावर घसरली तेव्हा होता. तेराव्याला तुम्ही "एक दोरा" म्हणालात तेव्हाही होता, आणि तुम्हाला ते माहीत होतं!

तुम्हाला माहीत होतं आणि तरी तुम्ही लोकांसमोर मला बोललात. साताऱ्याच्या मावशी, काकू, समोरच्या जोशीणबाई, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी खाली मान घालून पानातला भात चिवडत होते. वर्षभर, आई, वर्षभर मी सकाळी दात घासताना विचार करायचे, बांधला असता तर? मी! कोणाला सांगायची सोय नाही, सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील, म्हणून गिळलं. काय मिळवलंत हो तुम्ही? कसं बोलवलं तुमच्याच्याने?

राग आलाय मला. खूप राग आलाय. खालच्या मजल्यावरच्या माणसाने आत्ता काठीने छत ठोकलं, म्हणजे मी मोठ्याने बोलत होते वाटतं.

(इथे मी चहा करून आले.)

तुम्ही मला का बोललात ते मला कळलं असं वाटतं. हिने बांधला नाही म्हणून गेला, असं म्हटलं की निदान कारण तरी मिळतं. कुणाला तरी बोट दाखवता येतं. आपण उपाशी राहून, परक्या देशात, चिखलात बसून, एवढ्या मायेने बांधला, नीट बांधला, आणि तरीही गेला, हे कुणाला सांगणार? मंजिरीताईंना नाही सांगितलंत. मला तर नाहीच. तुम्हीही माझ्यासारखंच एकटीने गिळलंत.

तर ऐका. तुमचा दोरा चांगला होता. गाठ पक्की होती. मी बांधला नाही म्हणून तो गेला नाही, आणि तुम्ही चुकीच्या झाडाला बांधलात म्हणूनही गेला नाही. त्या वळणावर बर्फ होता, आई. बर्फ होता आणि अंधार होता. तेवढंच.

मेलेलं तोंड वगैरे मला बघायचं नाही. जितंजागतं बघायचंय. रागाने लाल असलं तरी चालेल.

आसावरी


१० मे २००९

ती. आई,

काल फोन वाजला तेव्हा मला वाटलं मंजिरीताई. "हॅलो" म्हटलं, तर पलीकडे कुणी बोलेना. मागे कुकरची शिट्टी झाली, अन्वी काहीतरी ऊं ऊं करत होती. मला कळलं. मी ठेवला नाही आणि तुम्हीही ठेवला नाहीत.

मग तुम्ही विचारलंत, "जगेल का गं?"

मी पटकन "हो" म्हटलं. आणि मग तुम्ही रडायला लागलात आणि मीही. किती वेळ ते माहीत नाही. मंजिरीताईंचं फोनचं बिल मी भरेन. मला आधी भीतीच वाटली, हे काय होतंय म्हणून, इतक्या दिवसांत सवयच गेली होती. नाकातून पाणी, चष्मा कुठे ठेवला सापडेना. नंतर भूक लागली. भात लावला आणि चक्क तूप-मीठ घालून दोनदा घेतला.

तुम्ही म्हणालात, "एकदा दाखव मला." मंजिरीताईंना सांगा, तिकीट किंग्ज क्रॉसवरून काढायचं. सकाळची ट्रेन घ्या, म्हणजे उजेडात पोचाल, मी स्टेशनवर असेन. मेमध्येही इथे बोचरा वारा असतो, पायमोजे आणि कानटोपी घेऊन या. लाजू नका, इथे सगळे घालतात. माल्कम विचारत होता, शंकरपाळे आणणार का.

एक गोष्ट फोनवर बोलले नाही, ती लिहिते. झाडाने पानं काढलीत, पण त्यावर जाऊ नका, साठवलेल्या अन्नावर पहिली पानं कुठलंही झाड काढतं. चिरा भरतात की नाही, खाली मुळांना अन्न पोचतं की नाही, हे कळायला दोन उन्हाळे जावे लागतील. आमच्या कामात कुणी छातीठोक सांगत नाही. मी तुम्हाला "हो" म्हटलं ते खोटं होतं, आई. ते जगेल की नाही मला माहीत नाही.

तरी या.

आसावरी